काका जिना उलटा का उतरताहेत?

सेक्रेटरी: उद्या १० ते १२ टाकी साफ करणार, पाणी भरून ठेवा. आणि बी विंगचे पाटील काका आज जिना उलटा उतरत होते. बरं आहे ना सगळं?

पाटील काका, बी २०४: बरं कुठलं ओ. रविवारी भाच्यांच्या नादानं राजहंसगडावर गेलो. येळ्ळूरपासून चालत. चढताना रुबाबात होतो. आज मंगळवार, मांड्या धरल्यात. सरळ उतरलं की गुडघा दुमडतो, म्हणून कठड्याला धरून पाठमोरा उतरतोय. हसू नका.

देसाई वैनी, ए १०३: हसत नाही ओ 😂

सी ३०१ सूनबाई (फिजिओ): काका, चढणीनं नाही, उतारानं धरलंय. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी वजनही पेलतो, त्यात बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, मग उतरतं. झोपून राहू नका, सपाटीवर हळू चाला. ग्रुपवर विचारू नये, खरं विचारते: लघवी काळ्या चहासारखी होत नाही ना?

पाटील काका: नाही ओ. आता सगळ्या सोसायटीला कळलं.

सूनबाई: मग बरं. तशी झाली तर लगेच दवाखाना, वाट बघायची नाही.

पाटील काका: मी सोडलंच आता. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार, अष्टमीला शून्य. जिमला तीन महिन्यांचे पैसे भरले, नऊ दिवस गेलो.

सूनबाई: तुमचं तेच चुकतंय. पहिल्या दिवशीच महिन्याचा व्यायाम करता. दुखणं गेलं की व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात १० मिनिटं चाला, बस्स. लाज वाटेल इतकं कमी. दोन आठवड्यांनी १५. जोर किती ते असं ओळखायचं: चालताना भांडता आलं पाहिजे, भजन म्हणता येऊ नये.

देसाई वैनी: भांडणाचा सराव आहे त्यांना.

सूनबाई: आणि बीपीची गोळी चालू आहे ना? आधी डॉक्टरांना दाखवून या. चालताना छाती दाबल्यासारखी झाली, जबडा-हात दुखला, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि कुणाला तरी हाक मारायची. गॅस म्हणून सोडा पीत बसायचं नाही.

जोशी काकू, सी १०२: माझंही सांगते. मी इन्सुलिन घेऊन, काही न खाता डेपोत गेले होते. दुसऱ्या फेरीला हात थरथरायला लागले, घामानं ब्लाउज भिजला. बाकावरच्या एका बाईंनी पर्समधली साखर दिली म्हणून निभावलं. आता कनवटीला साखरेची पुडी असतेच.

सूनबाई: साखर उतरली होती तुमची. अशा वेळी तीन चमचे साखर खायची, १५ मिनिटांनी रक्तातली साखर परत तपासायची. इन्सुलिनवाल्यांनी व्यायामाच्या वेळा डॉक्टरांशी ठरवूनच घ्याव्यात.

कुलकर्णी, ए ४०२: घड्याळात १०,००० पावलं झाली पाहिजेत ना पण?

सूनबाई: तो आकडा १९६५ च्या जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या नावातून आला, जाहिरातीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणते, आणि दोन दिवस ताकदीचे. खुर्चीवरून हात न टेकता उठबस केली तरी सुरुवात झाली. काकांनी मात्र मांडी मोकळी होईपर्यंत नको.

पाटील काकू, बी २०४: मी बोलू का? हे दूध आणायला स्कूटर काढतात. कोपऱ्यावरच्या डेअरीला! आजपासून किल्ली माझ्याकडे. दूध चालत आणायचं. चहा दूध आल्यावरच.

देसाई वैनी: वैनी, लाख बोललात 🙏 सवय अशीच लागते. चहा कुणी चुकवत नाही.

पाटील काका: आणि जूनमध्ये काय ओ? आपल्याकडचा पाऊस! छत्री धरून भजन?

कुलकर्णी: पार्किंगमध्ये चालू की. पिलर ते गेट २२ पावलं, मी मोजलीत.

सेक्रेटरी: आधी ज्यांच्या गाड्या आडव्या लागतात त्यांनी सरळ लावा. बी २०४ ची स्कूटर पण.

पाटील काका: किल्ली काकूंकडं आहे.