विषय: घोडबंदर रोडजवळ थेरपिस्ट हवाय (भाची, १७)

मामी:
मंडळी, घाईत लिहितेय. मी अमेरिकेत, भाची बारावीला, ठाण्यात मानपाड्याला. नाक आणि गालावरचे डाग, दुसरा विषय नाही. आरशापुढून हलत नाही, क्लासला मास्क लावून जाते, परवा नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करून आली. ताई म्हणते तुमच्या अमेरिकेतलाच कुणी मराठी थेरपिस्ट ऑनलाइन बघ, म्हणजे सोसायटीत बोभाटा नको. मागे थेरपिस्टांची यादी केली होती ती कुणाकडे आहे?

सचिव:
यादी इथे टाकली जाणार नाही. डॉक्टरांची नावं या मेलिंग लिस्टवर नकोत हे सभेत ठरलंय. सभा चुकवणाऱ्यांनी इतिवृत्त वाचावं. हवी असल्यास मला वेगळी मेल करा.

वाशीकर:
सचिवसाहेब, तुमची यादी तिकडच्या लोकांची, तिचा इथे उपयोग काय? अमेरिकेतला परवाना त्या त्या राज्यापुरता, आणि पेशंट बसलाय तिथले नियम लागतात. ठाण्यातली मुलगी घ्यायला बहुतेक जण नकारच देतील. शिवाय ती १७ची, म्हणजे संमती आईवडलांची. फोन ताईंनी करायचा, मामींनी नाही.

पहिल्या फोनवरच विचारा: क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. आहे का, आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, नोंदणी क्रमांक काय (परिषदेच्या वेबसाइटवर ताडून बघता येतो), आणि बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरसाठी (दिसण्यातल्या बारीकशा किंवा नसलेल्या खोटीने मन व्यापून टाकणारा आजार) सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी, करता का, त्यात एक्स्पोजर, म्हणजे टाळतो त्याला पायरीपायरीने सामोरं जाण्याचा सराव, घेता का. "आपण आत्मविश्वासावर काम करू" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

खारघर:
आरसीआय नाही म्हणजे भोंदू, असं नका पसरवू. एम.ए. झालेले उत्तम समुपदेशक आहेत.

वाशीकर:
भोंदू कोण म्हणालं? कुणी जाडी म्हटलं म्हणून हिरमुसलेल्या मुलीला समुपदेशक पुरतो. इथे मास्क आहे, सर्जनकडे फेरी आहे. आधी ते ऑपरेशन थांबवा. या आजारात नाक बदललं तरी समाधान क्वचितच टिकतं, मग हनुवटी खुपायला लागते. डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने, २०१३ मध्ये हा आजार ओसीडीच्या (तेच तेच विचार, पुन्हापुन्हा हात धुण्यासारख्या कृती) शेजारी बसवला तो उगाच नाही. आरसा, झाकणं, विचारणं: हात धुण्याचंच चक्र. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते २२ बैठका धरा. गोळ्या लागल्या तर सायकियाट्रिस्ट, आणि पुरेशा डोसवर १२ आठवडे झाल्याशिवाय "गुण नाही" म्हणायचं नाही.

नौपाडा:
जेवणाचं कुणी विचारलंच नाही! काळजी नाकाची असेल तर वरचं बरोबर. पोट-मांड्या-वजनाची निघाली, जेवण टाळणं किंवा ओकाऱ्या काढणं असेल, तर आधी फिजिशियन. आडवं आणि उभं राहून बीपी-नाडी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, पाळी चुकतेय का. ओकाऱ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते. खाण्याच्या अशा आजारावरच्या उपचारात रोज ताटाशी आईबाप बसावे लागतात. स्क्रीनवरच्या मामीचं ते काम नव्हे.

घणसोली:
वाशीतला थेरपिस्ट धरू नका. ठाणे-वाशी लोकल अर्ध्या तासाची, पण मानपाड्याहून स्टेशन गाठेपर्यंतच जीव जातो. संध्याकाळी सहाची वेळ मिळाली तर क्लास बुडणार, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "आज राहू दे" सुरू. माजिवडा, कापूरबावडी, फार तर नौपाडा. पहिल्या काही बैठका समोरासमोर, मग आलटून पालटून ऑनलाइन. मास्क काढून दुकानात जाण्याचा सराव घरच्या आसपासच व्हायला हवा.

जुना सभासद:
ताईंची भीती समजू शकतो. "ठाण्याला पाठवलं" ऐकत मोठे झालेले आपण. ते मनोरुग्णालय १९०१चं आहे आणि तिथे साधी ओपीडीही चालते, पण नाव काढलं की...

सचिव:
कृपया विषय सोडू नये.

मामी:
ताईशी बोलले. जेवण नीट आहे, नाकाचंच आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून पाहिला, लागतच नाही!

घणसोली:
तिकडून लागणार नाही, भारतातूनच लागतो. ताईंना सांगा: फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि मुलीला सरळ विचारायचं, मरून जावंसं वाटतं का. या आजारात ते विचार बरेचदा येतात आणि विचारल्याने वाढत नाहीत. "हो" आलं तर थेरपिस्टच्या तारखेची वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट.

मामी:
विचारते. माजिवड्याला बुधवारची वेळ मिळाली, नोंदणी क्रमांक ताडून झाला. पण आजीचं काय? ती दिवसातून वीसदा "किती गं छान दिसतेस" म्हणते. आरसे झाकू का, असंही विचारतेय.

वाशीकर:
आरसे असू देत. आजींना एवढंच सांगा: नात विचारेल तेव्हा "छान"ही नाही, "तसं काही नाहीये"ही नाही. उत्तराने पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला परत तोच प्रश्न. "हे आपण बुधवारी मॅडमना विचारू, चल भाजी निवडायला" म्हणायचं. बुधवारपर्यंत एक वही करा: आरसा किती वेळा, किती मिनिटं, त्याआधी काय झालं. पण मोजायचं मुलीने, आजींनी नाही.