मदत हवी आहे: डिस्क मोठ्या घातल्या, रेड मात्र तेवढीच

नमस्कार मंडळी. घरच्या डेबियन सर्व्हरवर एमडीएडीएमची (लिनक्सवरचं रेड सांभाळणारं साधन) रेड १ आहे, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा. २ टीबीच्या दोन्ही डिस्क एकेक करून बदलून ४ टीबीच्या घातल्या, सिंकही (एका डिस्कवरचा डेटा दुसरीवर उतरणं) पूर्ण झालं. पण एमडीएडीएमच्या 'ग्रो' (वाढवा) आदेशाला साइझ मॅक्स देऊनही अ‍ॅरे (दोन डिस्कचा जोड) २ टीबीवरच. कारण बहुधा हे: पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठवर याची नोंद) जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं उतरवलं, तेही एमबीआर (जुनी पद्धत, साधारण २ टीबीच्या पुढे जात नाही).

आता एकेक डिस्क काढून, जीपीटी (मोठ्या डिस्कना चालणारी नवी पद्धत) करून पुन्हा सिंक करू, की चालू अ‍ॅरेतच जीपीटीत बदलून पार्टिशनचं टोक वाढवता येईल? रेडचा मेटाडेटा १.२ आहे, म्हणजे सुपरब्लॉक (अ‍ॅरेची माहिती ठेवणारा भाग) पार्टिशनच्या सुरुवातीला; पार्टिशनचा पहिला सेक्टर हलला नाही तर चालायला हवं. आईबाबांचे सगळे फोटो त्यात आहेत. बॅकअप आहे, तरी एकाच डिस्कच्या भरवशावर तासन्‌तास राहायची धास्ती वाटते. कोणी प्रत्यक्ष केलंय का?