मदत हवी आहे: अल्बमच्या कामासाठी मोठा, रुंद मॉनिटर (रंग अचूक हवेत)

मंडप_क्लिक
नमस्कार मंडळी. लग्नाचे अल्बम करतो. आतापर्यंत सगळं लॅपटॉपवरच चाललंय, आता मोठा रुंद मॉनिटर घ्यायचाय. अट एकच, रंग अचूक पाहिजेत. लॅबमधून अल्बम आला की शालूचा लाल मरून रंगाचा होऊन येतो, पदराच्या घड्या दिसत नाहीत, चेहरे काळवंडलेले. मागच्या अल्बमच्या काही शीट पदरच्या पैशाने परत छापून द्याव्या लागल्या. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो, त्याआधी मॉनिटर टेबलावर हवा. ३४ इंची रुंदवाला घेऊ की ३२ इंची? मॉडेलचं नाव सांगा. दुकानात विचारलं तर प्रत्येक मॉनिटरला 'बेस्ट कलर' म्हणतात.

रंगारी
बजेट किती? लॅपटॉप कोणता, किती जुना? बाजूला कोणती पोर्ट आहेत? विंडोज की मॅक? हे कळल्याशिवाय मॉडेल सांगण्यात अर्थ नाही.

सोलापूरकर
एवढा विचार कशाला करताय? ४३ इंची फोर-के टीव्ही घ्या. मॉनिटरपेक्षा स्वस्त आणि दुप्पट मोठा. मी वर्षभर वापरतोय, एक नंबर चाललाय.

रंगारी
@सोलापूरकर, तुम्ही त्यावर काय करता?

सोलापूरकर
एक्सेल, टॅली आणि रात्री क्रिकेट.

रंगारी
मग तुमच्यासाठी उत्तम आहे. पण टीव्ही दुकानातून येतो तोच व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगांच्या मोडवर. तो बंद केला तरी शार्पनिंग आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट मेनूत कुठेतरी चालू राहतात. चित्र काळोखं असलं की टीव्ही स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो. अशा पडद्यावर बघून माणसाच्या चेहऱ्याचा रंग ठरवायचा कसा?

मंडप_क्लिक
टीव्ही नको. बजेट ५० हजार, थोडं इकडेतिकडे. लॅपटॉप साधाच आहे, विंडोज, एचडीएमआय आहे. आता मॉडेल सांगा.

निळासावळा
बेनक्यूची एसडब्ल्यू मालिका, डोळे झाकून. ९९ टक्के ॲडोबी आरजीबी (रंगांचा मोठा पल्ला), आणि हार्डवेअर कॅलिब्रेशन, म्हणजे दुरुस्ती मॉनिटरच्या आतच साठवली जाते, ग्राफिक कार्डावर अवलंबून राहत नाही. हे एकदा वापरलं की दुसरं काही नको वाटतं. त्याहून वर जायचं तर आयझोचे कलरएज. त्यातल्या सीजी मालिकेत रंग मोजणारा सेन्सर मॉनिटरच्या चौकटीतच बसवलेला असतो.

रंगारी
अहो, सीजी लाखाच्या वर जातो. ते ५० हजारांत विचारताहेत. आणि ॲडोबी आरजीबीचा त्यांना उपयोग काय? आपल्याकडच्या बहुतेक अल्बम लॅब एसआरजीबी (त्याहून लहान, नेहमीचा पल्ला) जेपीईजीच मागतात. वाइड गॅमट, म्हणजे मोठ्या पल्ल्याचा मॉनिटर घेऊन विंडोजवर नीट प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो त्याची फाइल) लावला नाही, किंवा तो वाचणारं कलर मॅनेजमेंट प्रोग्रॅममध्ये नसलं, तर सगळं भडक दिसतं. हळदीचा पिवळा तर डोळ्यांत खुपतो. मग माणूस घाबरून रंग उतरवत बसतो आणि छापून आल्यावर सगळं मलूल.

निळासावळा
म्हणून तर त्यात एसआरजीबी मोड असतो, एक बटण दाबलं की झालं. आज एसआरजीबी पुरतं म्हणून उद्याही पुरेल का? परवा कोणी फाइन आर्ट प्रिंट मागितली तर? एकदाच घ्या, चांगलं घ्या.

रंगारी
ज्याला शीट पदरच्या पैशाने परत छापाव्या लागतात त्याला 'एकदाच चांगलं घ्या' सांगणं सोपं आहे. त्यांची आजची अडचण आधी सुटू दे.

जुना_रोल
तुमचं सगळं वाचलं. मी रोलच्या काळापासून लग्नं केलीत. तेव्हा मॉनिटर नव्हता, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा-रंगांचा आलेख) नव्हता, तरी लाल लालच यायचा. लॅबचा ऑपरेटर कसलेला असायचा, पहिली प्रिंट बघून 'मजेंटा दोन पॉइंट कमी करतो' म्हणायचा. आता मशिन स्वतःच ऑटो करेक्शन मारतं आणि कोणी बघत नाही. मंडप_क्लिक, दोष तुमच्या लॅबचा आहे. ऑर्डरवर 'नो करेक्शन' ठळक लिहून द्या आणि मॉनिटरचे पैसे वाचवा.

मंडप_क्लिक
काका, त्याच लॅबमध्ये माझ्या मित्राचे अल्बम व्यवस्थित येतात. तोही शालूच काढतो. म्हणून म्हणतोय, स्क्रीनचाच घोळ आहे.

जुना_रोल
मग मित्र काय वापरतो ते विचारा ना!

रंगारी
हा प्रश्न मात्र कामाचा आहे. आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर द्या, दुसऱ्यांदा विचारतोय. खालच्या स्टिकरवर असतो.

मंडप_क्लिक
(नंबर दिला.) मित्राकडे २७ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल) मॉनिटर आहे, आणि तो स्क्रीनवर एक उंदरासारखं यंत्र लटकवतो.

रंगारी
आता सगळं जुळलं. तुमच्या लॅपटॉपचं पॅनेल ४५ टक्के एनटीएससीचं आहे (एनटीएससी म्हणजे रंगांचा पल्ला मोजायचं एक माप). एसआरजीबी म्हणजे साधारण ७२ टक्के एनटीएससी. म्हणजे फाइलमधले एक तृतीयांशाहून अधिक रंग तुमचा पडदा दाखवूच शकत नाही, आणि सगळ्यात जास्त मार लालला बसतो. शालू तिथे फिका, नारिंगीकडे झुकलेला दिसतो. डोळ्याला पटेपर्यंत तुम्ही सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवणार. फाइलमध्ये मात्र रेड चॅनेल, म्हणजे लालाचा आकडा, कमाल २५५ला जाऊन चिकटतो आणि हिरवा-निळा शून्याकडे जातात. घडीची सावली याच दोन चॅनेलमध्ये असते, ती गेली. मागचा एखादा बिघडलेला फोटो उघडा, शालूवर सिलेक्शन करा आणि नुसता रेड चॅनेलचा हिस्टोग्राम बघा. उजव्या भिंतीला टेकलेला दिसेल.

चेहरे काळवंडण्याचं कारण वेगळं. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम करता का? उजळ पडद्यावर गडद फोटोसुद्धा बरा दिसतो. कागदाला मागून दिवा नसतो. छपाईच्या कामाला पडदा साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (पडद्याच्या उजेडाचं माप) ठेवतात, आणि बरेच मॉनिटर दुकानातून आल्यावर ३०० च्या आसपास असतात.

मंडप_क्लिक
ब्राइटनेस पूर्णच असतो, खोलीत उजेड भरपूर आहे. हिस्टोग्राम बघितला, लाल खरंच भिंतीला टेकलाय.

शब्दफुले
खोलीच्या भिंती कुठल्या रंगाच्या आहेत?

मंडप_क्लिक
पोपटी. त्याचा मॉनिटरशी काय संबंध?

शब्दफुले
खूप संबंध आहे. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड पडद्यावर आणि तुमच्या डोळ्यांवर पडतो, आणि डोळा त्याला सरावतो. मग गोऱ्या चेहऱ्यात लाली जास्त वाटायला लागते आणि तुम्ही ती कमी करता. मागची भिंत तरी राखाडी करून घ्या, नाहीतर राखाडी पडदा लावा. खिडकीकडे पाठ करून बसू नका. आणि ब्लू कट चष्मा असेल तर कलर करेक्शन करताना काढा, त्या काचांना पिवळट झाक असते.

मी_कराडकर
चष्म्यावरून आठवलं, खुर्चीसुद्धा चांगली घ्या. मला मणक्याचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. स्टँड वरखाली होणारा घ्या. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर प्युअर साइन वेव्ह आहे ना बघा.

मंडप_क्लिक
खुर्ची आहे. ३४ की ३२, त्यावर अजून कोणी बोललेलंच नाही.

घाटपायथा
मी बोलतो, कारण मी अल्बमच करतो. शीट १२ बाय ३६ इंच करता ना? म्हणजे गुणोत्तर एकास तीन. २७ इंची साध्या मॉनिटरची रुंदी साडेतेवीस इंच, ३२ इंचीची अठ्ठावीसच्या आसपास. ३४ इंची अल्ट्रावाइडची रुंदी ३१ इंचांहून जास्त. पूर्ण शीट पसरून बघितली की ती खऱ्या मापाच्या जवळ दिसते. शीटच्या मधल्या घडीत कोणाचा चेहरा सापडतोय, ते तिथेच कळतं. वर-खाली रिकाम्या पट्ट्याही कमी राहतात. अल्बमवाल्याला अल्ट्रावाइडच.

निळासावळा
अल्ट्रावाइड ३४४० बाय १४४० असतो, इंचाला ११० च्या आसपास पिक्सेल. ३२ इंची फोर-केला १३८. रिटच करताना पापण्या, नथीतला मोती, मुंडावळ्यांचे मणी फोर-केवर स्वच्छ दिसतात. शिवाय स्वस्तातले बरेच अल्ट्रावाइड वक्र आणि व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनेलचे असतात.

घाटपायथा
व्हीए घेऊच नका, यावर माझं-तुमचं एकमत. निवड करायला पाहुणे येतात तेव्हा नवरीची आई एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. व्हीए बाजूने बघितला की सावल्या उजळून पांढुरक्या होतात, चेहरा सपाट दिसतो. मावशी म्हणणार 'फोटो धुरकट आहे', आई म्हणणार 'छान आहे'. आयपीएसच घ्या. वक्र पडद्याबद्दल मात्र सांगतो, मंडपाचे खांब सरळ आहेत का ते त्यावर खात्रीने सांगता येत नाही. सपाट मिळाला तर सपाट.

निळासावळा
५० हजारांत सपाट आयपीएस अल्ट्रावाइड, रंग कारखान्यातून मोजून आलेला? कठीण आहे.

घाटपायथा
एसुसच्या प्रोआर्टमध्ये पीए३४८सीजीव्ही आहे, ३४ इंची आयपीएस, ९८ टक्के डीसीआय-पी३ (हाही एसआरजीबीहून मोठा पल्ला), डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, २ पेक्षा कमी असल्याचं कंपनी सांगते. भाव रोज बदलतो, बघून घ्या. नाही बसलं तर पीए२७९सीव्ही, २७ इंची फोर-के, १०० टक्के एसआरजीबी. डेलचा यू२७२३क्यूईही चांगला, काळा रंग जास्त काळा दिसतो.

रंगारी
थांबा, थांबा. लॅपटॉपचा एचडीएमआय जुन्या १.४ आवृत्तीचा आहे, मी मॉडेल बघितलं. त्यातून फोर-के फक्त ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, निघेल, कर्सर लटकत चालेल. ३४४० बाय १४४० सुद्धा बऱ्याच मॉनिटरवर ५० हर्ट्झला अडतं, पण फोटोच्या कामाला तेवढं चालून जातं. यूएसबी-सी त्यात चित्र पाठवणारं नाही. म्हणजे आत्ता फोर-के घेतला तर लॅपटॉपही बदलावा लागेल. यासाठीच पोर्ट विचारत होतो.

आणि ५० हजार सगळे मॉनिटरवर उडवू नका, कॅलिब्रेटरचे, म्हणजे पडद्याचे रंग मोजणाऱ्या यंत्राचे, आधी बाजूला काढा. मित्राचं 'उंदरासारखं यंत्र' म्हणजे तेच. कारखान्यातला रिपोर्ट कितीही चांगला असला तरी बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) वर्षा-दोन वर्षांत बदलत जातो.

निळासावळा
कॅलिब्रेटरवर पैसे घालून स्वस्त पॅनेल घेण्यात काय अर्थ आहे? जे रंग पॅनेलमध्ये नाहीत ते यंत्र कुठून आणणार?

रंगारी
४५ टक्क्यांच्या पॅनेलला तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. पण १०० टक्के एसआरजीबीचा साधा आयपीएस, मोजून नीट केलेला, हा न मोजलेल्या महागड्यापेक्षा कधीही बरा. लॅबला एसआरजीबीच जातंय.

मंडप_क्लिक
मित्राचं यंत्र माझ्या मॉनिटरवर चालेल का?

रंगारी
चालेल. सोबतच्या सॉफ्टवेअरचं लायसन अडलं तर डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे, स्पायडर आणि कॅलिब्राइट या दोन्ही ब्रँडची बरीच यंत्रं ओळखतं. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजा. लक्ष्य ६५०० केल्विन (पांढऱ्याची झाक), गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२, उजेड १०० कँडेला. विंडोजचा नाइट लाइट बंद. महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजा. तालुक्यातल्या चौघा फोटोग्राफरांनी मिळून एक यंत्र घेतलं तरी पुरतं.

जुना_रोल
एक भर घालतो. मॉनिटर आला की लगेच अल्बम पाठवू नका. एकच फोटो, त्यात लाल शालू, हळद, चेहरा, पांढरा सदरा सगळं असेल असा, ८ बाय १२ छापून घ्या, 'नो करेक्शन' लिहून. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरून पडद्याशी ताडून बघा. ट्यूबलाइटखाली बघाल तर फसाल.

मंडप_क्लिक
हे पटलं. मित्राशी बोललो, तो यंत्र देतोय. प्रोआर्टचा ३४ इंची कोल्हापुरात कोणाकडे ठेवलेला असेल तर आधी डोळ्यांनी बघणार, बजेट ओलांडलं तर लॅपटॉपला चालेल असा २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) आयपीएस. दुकानात काय तपासू?

घाटपायथा
पूर्ण काळं चित्र पेन ड्राइव्हवर न्या. दिवे बंद करायला सांगा आणि चारही कोपरे बघा, कोपऱ्यातून पिवळट उजेड गळतो का. मग पूर्ण पांढरं, पूर्ण राखाडी. राखाडीत एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला हिरवट झाक दिसली तर तो नग नको, दुसरा उघडायला सांगा. घरी मागवला तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

सोलापूरकर
माझ्या टीव्हीवर आत्ता राखाडी लावून बघितलं. उजवी बाजू गुलाबी आहे. हे मेनूतून जातं का?

रंगारी
नाही, ती पॅनेलचीच असमानता आहे. वॉरंटीत असेल तर तक्रार टाका.