आधी विमान हातात बसू द्या, हूड नंतर घाला

रडरभाऊ: काल इथे कुणीतरी लिहिलंय की जायचंय एअरलाइनमध्येच, तर पायलट होणाऱ्या पोरांना पहिल्या दिवसापासून हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवरची झापड) घालून काट्यांवर, म्हणजे नुसती उपकरणं बघून, उडवायला शिकवा, बाहेर बघायची सवयच नको. डोकं फिरलं वाचून. अहो ज्याला वळताना बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी) मधे ठेवता येत नाही, जो ट्रिम (विमान आपोआप स्थिर राहील अशी सेटिंग) न करता योक (हातातलं चाक) आवळून बसतो, त्याला आयएलएसवर (रेडिओ सिग्नलच्या आधाराने उतरायची पद्धत) टाकून काय साधणार? सगळं लक्ष उंची धरण्यातच जातं त्याचं, मग रेडिओ कोण ऐकणार न चार्ट कोण बघणार. सॅन फ्रान्सिस्को, जुलै २०१३. छान उघडीप, ग्लाइडस्लोप (उतरायचा कोन दाखवणारा सिग्नल) बंद, आणि एशियाना एअरलाइनचं बोइंग ७७७, वेग १३७ नॉट्स हवा तिथे १०३ पर्यंत घसरून रनवेच्या अलीकडे आपटलं. तिघं गेले. समोर धावपट्टी दिसत होती!

ढगातली: ती "कुणीतरी" मी. बरं, १९५४ चा इलिनॉय विद्यापीठाचा प्रयोग माहितीये ना? इन्स्ट्रुमेंट न शिकलेले २० पायलट, बाहेर बघून उडवणारे, खोट्या ढगात घातले तर सरासरी १७८ सेकंदांत सगळ्यांचा ताबा गेला. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा केनेडी ज्युनियर स्वतः विमान चालवताना १९९९ मध्ये धुरकट रात्री समुद्रावर असाच गेला. कानातला तोल खोटं सांगतो तेव्हा तुमचा लाडका बॉल काय करणार?

रडरभाऊ: म्हणून शिकायचंच, पण नंतर! आणि २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेलं एअर फ्रान्स ४४७? स्टॉलमध्ये (पंखांची उचल सुटते तेव्हा) नाक खाली घ्यायचं हे पहिल्या काही धड्यांतलं. पठ्ठ्याने साइडस्टिक (विमान वळवायची दांडी) मागे ओढूनच धरली. २२८ माणसं.

ढगातली: रात्र, ढग, क्षितिज नाही. आतला अ‍ॅटिट्यूड (नाक वर की खाली ते दाखवणारं उपकरण) बघितला असता तर कळलं असतं. उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

तासमोजू: तुमचं चालू द्या. आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये निम्मी विमानं हँगरात, पावसाळ्यात सगळे जमिनीवर, फी मात्र आधीच घेतलेली. हात बसायला आधी हवेत तर जाऊ द्या. आयआरच्या (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे काट्यांवर उडवायची पात्रता) ४० तासांतले २० सिम्युलेटरवर चालतात, त्यामुळे सगळे तिकडेच ढकलतात.

लोकरीचा_धागा: म्हणून म्हणतो, आधी ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान). कॅनॉपीवरचा (समोरच्या काचेच्या झाकणावरचा) लोकरीचा धागा तिरका झाला की रडर (शेपटीचं सुकाणू) चुकला हे पोराला आपोआप कळतं.

तासमोजू: ग्लायडरचे तास सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) किती धरतात ते पण सांगा की.

लोकरीचा_धागा: तास तास काय करता! १९८३ ला एअर कॅनडाचं ७६७ इंधन संपून बंद पडलं, कॅप्टन ग्लायडरवाला, त्याने साइडस्लिप मारून (विमान आडवं घसरवत झटपट उंची कमी करून) कॅनडातल्या गिमलीला उतरवलं. कुणी मेलं नाही.

ढगातली: एका किश्श्यावर सिलॅबस बांधणार का आता? इंधन संपलं कशाने तेही सांगा, किलो आणि पाउंडाच्या घोळाने. म्हणजे ग्लायडरच्या आधी गणित शिकवा.

लोकरीचा_धागा: ग्लायडरला नावं ठेवणारे एकदा तरी बसलेत का त्यात?

ढगातली: बसलेय. उलटी झाली. झालं समाधान?

रडरभाऊ: धागा माझा होता बहुतेक. असो. ढगातली बाई, सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि स्टॉल शिकवणं चालू असताना मधून मधून थोडा वेळ हूड, एवढंच म्हणणं असेल तर माझी ना नाही. पण काल "बाहेर बघायची सवयच नको" लिहिलं होतं, ते खोडा आधी.

ढगातली: खोडणार नाही. खाली "नवशिक्यांनी सोडून" असं जोडते. आणि बाई नका म्हणू.

तासमोजू: कुणाला सेसना १७२ (छोटं शिकाऊ विमान) चे तास स्वस्तात मिळत असतील तर कळवा.