मदत हवी आहे: एक्स्टर्नल डिस्कची केबल निसटली, ओव्यांच्या तीन फाइली गेल्या

मंडळी, जरा घाईत लिहितोय. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने कधीकाळी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. त्या लॅपटॉपवर घेतल्या. एका कॅसेटची एक वेव्ह फाइल, साधारण ६०० एमबीची. काल, शनिवारी रात्री, शेवटच्या तीन फाइली टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) 'एमव्ही' या फाइल हलवायच्या कमांडने एक्स्टर्नल डिस्कवर नेल्या. प्रॉम्प्ट (पुढची कमांड द्या, ही खूण) परत आला, मी निवांत पाणी प्यायला उठलो आणि पाय केबलमध्ये अडकला. डिस्क टेबलावरच राहिली, केबल तेवढी निसटली.

लगेच परत जोडली. त्याच टर्मिनलमध्ये फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' केलं तर 'इनपुट/आउटपुट एरर'. सिस्टिमने आधी एसडीबी नाव दिलेली डिस्क आता एसडीसी झालीय. दोन फाइलींचा आकार शून्य. तिसरी अर्धी नीट वाजते, पुढे नुसती खरखर. तिन्हीतल्या एका कॅसेटची टेप नंतर प्लेअरमध्ये गुंतून तुटली, त्यामुळे ती पुन्हा घेता येणार नाही.

लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स), १६ जीबी रॅम, एक्स्टर्नल डिस्कची फाइलसिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) एक्सफॅट. प्रॉम्प्ट आला म्हणजे काम झालं ना? भाऊ विंडोजवर रोज अशीच उपटून काढतो, त्याचं कधी काही गेलं नाही. आता एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, मारू का?

प्रतिसाद १

थांबा, अजून काही मारू नका. आधी लॅपटॉप बंद करा! 'एमव्ही'ने मूळ फाइली तिथून पुसल्यात, पण लॅपटॉपच्या एसएसडीवर मजकूर अजून असू शकतो. उबंटू आठवड्यातून एकदा, सोमवार लागताच, ट्रिम चालवतं, म्हणजे एसएसडीवरची पुसलेल्या फाइलींची जागा खरोखर रिकामी करायला लावतं. आज रविवार आहे. ट्रिम झालं की आशा जवळपास संपली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट उबंटू चालतं असा) बूट करा आणि फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमला वेव्ह फाइली शोधायला लावा. नावाने फसू नका, ते फोटोंपुरतं नाही. सापडलेलं तिसऱ्याच डिस्कवर उतरवा.

झालं काय ते सांगतो. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेतं आणि प्रोग्रॅमला 'झालं' म्हणून मोकळं करतं. डिस्कवर तो मागाहून जातो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंद जुना झालेला मजकूर लिहायला काढतात. तुमच्याएवढ्या रॅममध्ये दीड-दोन जीबी सहज लिहायचं बाकी असू शकतं. केबल निघाली तेव्हा ते सगळं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हातात राहिलं, आणि डिस्क परत जोडली तरी ते तिथे जात नाही. कर्नलच्या लेखी ती नवी डिस्क असते. तुमचं टर्मिनल जुन्या फोल्डरात उभं होतं म्हणून एसडीबी हे नाव सुटलं नाही आणि नव्या जोडणीला एसडीसी मिळालं. खरखर म्हणजे बहुतेक त्या जागेवरचा आधीचा जुना डेटा: फाइलची नोंद पोचली, आवाज पोचला नाही.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नाही. पण लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ असती तरी जर्नलने फाइलसिस्टिमचा हिशोब सांभाळला असता, तुमच्या ओव्या नव्हे. विंडोज १० मध्ये १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' मुळातच चालू असतं, लिहिणं तुंबवून ठेवत नाहीत. भाऊ त्यावर तरतोय. कॉपी चालू असताना उपटली तर त्याचंही जाईलच.

एक्सफॅटच्या डिस्कची आधी डीडीरेस्क्यू या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत घ्या, मग एफएससीके, तेही आधी '-एन' लावून, म्हणजे नुसतं तपासेल.

प्रतिसाद २

यापुढे 'एमव्ही' नको. कॉपी, सिंक (रॅममधलं बाकी राहिलेलं डिस्कवर लिहायला लावणं), अनमाउंट (डिस्क सिस्टिममधून सोडवणं), केबल काढून परत जोडा आणि मग मूळ फाइल व प्रत यांचे चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. न काढता लगेच जुळवलं तर मजकूर रॅममधूनच वाचला जातो आणि सगळं छान जुळतं. मी यात एकदा फसलोय.

धागाकर्ता

रात्री साडेअकराला लाइव्हवरून चालवलं. तीनपैकी दोन मिळाल्या, नावं जाऊन नुसते आकडे उरलेत. तुटलेल्या टेपची त्यात आहे, सुरुवातीला आजी खोकते आणि मामाला "लागलं का रे?" विचारते, त्यावरून ओळखली. तिसरीची कॅसेट शाबूत आहे, ती पुन्हा घेतो.