मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं समुपदेशन सुरू करतेय (पणजी). काय काय सांभाळावं?

अंत्रुजकरीण:
नमस्कार. मी समुपदेशन करते. आजवर शाळा आणि हायर सेकंडरीतल्या मुलांबरोबर काम केलं. आता पणजीत खोली घेतलीय, संध्याकाळी बसणार. फोन येताहेत त्यांत एमबीबीएसची मुलं बरीच आहेत. काही इथलीच, काही बेळगाव-कोल्हापूरला शिकणारी आणि सुट्टीत घरी आलेली.

ही मुलं वेगळी वाटतात. एक मुलगी आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वॉर्डात केस सांगावी तशी तिनं स्वतःची हकिगत मांडली: कधीपासून, झोप किती, भूक कशी, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का. सगळं ओळीनं. सांगताना दोन बोटं मात्र मनगटावर, नाडीवर. रात्री जीव घाबरा होतो तेव्हा कोणाला फोन करतेस, असं विचारलं तर बराच वेळ गप्प.

वेळ, गुप्तता, आईवडील, चाचण्या, आणि गरज पडली तर पुढे कुठे पाठवायचं, याबद्दल अनुभवी लोकांनी सांगावं.

मांडवीपार:
ताई, चांगलं काम हाती घेतलंय. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, माझ्याकडे मेडिकल, डेंटल, नर्सिंगचे विद्यार्थी नेहमी येतात.

पहिली गोष्ट गुप्तता. गोव्यात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की पाच मिनिटांत सामाईक नातेवाईक निघतो, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पहिल्या भेटीत, त्यांनी तोंड उघडण्याआधी, काय बाहेर जाणार नाही आणि कोणत्या परिस्थितीत जाऊ शकतं हे मराठीत किंवा कोंकणीत स्पष्ट सांगा आणि कागदावरही द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क आणि त्याचे अपवाद दिलेत. तुमचं संमतीपत्र त्याच्याशी जुळवून घ्या. कॉलेजला कळणार का, पुढे नोकरीत अडचण येणार का, हे प्रश्न मुलं विचारत नाहीत पण मनात तेच असतं. तुम्हीच विषय काढा.

बारीक गोष्टींकडेही लक्ष द्या. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, म्हणजे एकाच वर्गातली दोघं दारात समोरासमोर येणार नाहीत. फी यूपीआयनं घेतली की बँकेचा मेसेज कधीकधी वडिलांच्या मोबाईलवर जातो. रोख घेण्याची तयारी ठेवा.

दुसरं, अभ्यासाच्या वेळापत्रकापासून सुरुवात करू नका. मुलगा म्हणतो, "सर, कॉन्सन्ट्रेशन होत नाही," आणि आपण लगेच तंत्रं शिकवायला बसतो. आधी झोप विचारा, जेवण विचारा, आणि मग गोळ्या. वायव्याआधी (तोंडी परीक्षेआधी) हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी, झोपेसाठी काहीतरी, जागरणासाठी आणखी काहीतरी, हे या मुलांत आढळतं. दमात न घेता, रोजच्या सुरात विचारलं तर सांगतात. औषध सुरू-बंद करणं आपलं काम नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं. पण माहीत मात्र हवंच.

नाडी धरणाऱ्या मुलीबद्दल: जो आजार वाचला तो आपल्यालाच झालाय असं या शिक्षणात अनेकांना वाटतं. त्याला हसायचं नाही आणि "काही नाही गं तुला" असंही म्हणायचं नाही. एकदा रीतसर डॉक्टरी तपासणी होऊ दे. ती स्वच्छ आल्यावर मग दिवसातून कितीदा नाडी मोजते, मोजल्यावर किती वेळ बरं वाटतं, इथून काम सुरू करा. दिलासा फार टिकत नाही हे तिला स्वतःला दिसलं की मोजणं कमी करायला ती आपणहून तयार होते.

नाईटड्यूटी:
मी रेसिडेंट (हॉस्पिटलात काम करत पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर) आहे, आणि स्वतः समुपदेशन घेतलंय. खुर्चीच्या या बाजूनं सांगतो.

वेळ हाच मोठा अडथळा. कोणाला सकाळी दहाची वेळ दिली तर तो येणारच नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, पोस्टिंग (वॉर्डातली नेमणूक) बुडवता येत नाही. रात्री आठनंतर किंवा रविवारी ठेवा. रेसिडेंटला तर आधी ठरलेली वेळही पाळता येत नाही. ऐनवेळी रद्द केलं म्हणून "याला बरं व्हायचंच नाहीये" असा अर्थ कृपा करून काढू नका. फोनवर वीस मिनिटं बोलायची सोय ठेवलीत तर त्यानंसुद्धा माणूस तगतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सचा २०२४ चा अहवाल वाचून ठेवा. त्यांच्या ऑनलाइन सर्वेक्षणात पदवीच्या सुमारे १६ टक्के आणि पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं नोंदवलं. रेसिडेंटचं काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको, एक दिवस सुट्टी हवी, ही शिफारसही त्यातलीच. म्हणजे सगळा दोष मुलाच्या मनाच्या घडणीत शोधू नका. छत्तीस तास जागलेल्या माणसाला प्राणायाम सुचवला तर तो परत येत नाही.

आणि पेशंट गेल्यावरचं बोलायला कोणालाच जागा नसते. माझा पहिला पेशंट गेला तेव्हा पुढच्या दहा मिनिटांत मी दुसऱ्याची सलाईन लावत होतो. समुपदेशकांनी त्या पेशंटबद्दल विचारलं: वय काय, काय बोलायचा, खाट कुठली. तेवढ्यानं मी कितीतरी दिवसांनी नीट झोपलो.

सत्तरीकर:
माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एका विषयात राहिली, सप्लीत (पुरवणी परीक्षेत) सुटली. तेव्हापासून चवथीला (गणपतीला) घरी आली तरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची सजावट) बांधायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही. आम्ही तिला तुमच्यासारख्यांकडे आणलं तर ती काय बोलली हे आम्हाला कळेल का? बाप म्हणून विचारतो.

मांडवीपार:
काका, तुमची काळजी समजते. ती अठरा पूर्ण आहे, त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय आम्ही तिचं बोलणं सांगत नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र सुरक्षिततेपुरतं घरच्यांना सांगतोच, आणि हे तिलाही आधीच सांगितलेलं असतं. तिची हरकत नसेल तर एक भेट तुम्हा तिघांची मिळून करता येते. तोवर परीक्षेचा विषय घरात काढू नका. "पुढच्या वर्षी सगळं सुटायला हवं हां बाय" हे प्रेमानं म्हटलेलंही तिला टोचत असेल. तिच्यासोबत बागायतीत फेरी मारा, ती बोलली तर ऐका. समुपदेशक निवडताना शिक्षण आणि अनुभव विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते.

अंत्रुजकरीण:
मनापासून आभार. चाचण्यांचं कोणी सांगेल का? नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरावी का?

मांडवीपार:
वापरा, पण नुसत्या गुणांवर विसंबू नका. ती नऊ प्रश्नांची यादी या मुलांनी पुस्तकात वाचलेली असते. कुठल्या उत्तरानं काय गुण होतात हे त्यांना कळतं, नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे हेही माहीत असतं. तिथं शून्यावर खूण करून मोकळे होतात. म्हणून तो प्रश्न तोंडी विचारा, सरळ शब्दांत: "जगणं नको असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सैल होतात. उत्तर होय आलं तर त्या दिवशी एकटं पाठवायचं नाही. सोबत कोण, रात्र कुठे, सायकियाट्रिस्टची भेट केव्हा, हे तिथंच ठरवायचं.

पुढे पाठवायला बांबोळीची मनोरुग्ण संस्था, आयपीएचबी, आहेच आणि तातडीच्या वेळी बाकी विचार न करता तिथंच न्या. एरवी इथली मुलं कचरतात, कारण सायकियाट्रीचं पोस्टिंग तिथंच होतं आणि ओपीडीत समोर आपलेच शिक्षक. अशांसाठी म्हापसा-मडगावकडच्या दोन-तीन खासगी सायकियाट्रिस्टांशी आधी स्वतः भेटून बोलून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत. तो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करायला लावा.

नाईटड्यूटी:
एक राहिलं. ऑल इंडिया कोट्यातून बाहेरची मुलं येतात. चवथीला हॉस्टेल रिकामं होतं, मेस बंद, बाहेर दुकानंही बंद, आणि ती तिथंच राहतात. त्या आठवड्यात तुमची खोली उघडी ठेवता येईल का?

अंत्रुजकरीण:
पहिले दोन दिवस घरच्या गणपतीमुळे जमणार नाही, पण फोन चालू ठेवते. तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा ते नऊ बसेन. हिंदीतून बोलले तरी चालेल, हे तुमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकाल का?

नाईटड्यूटी:
टाकतो. ज्युनियर मुलींच्या ग्रुपवरही पाठवायला सांगतो.