अनुभव धागा : घरून कामासाठी वापरलेला लॅपटॉप. गोव्यात कुठून घेतलात, रॅम किती?

धागाकर्ती, साखळी

मंडळी, धाकट्या बहिणीला घरून करायची नोकरी लागलीय. ग्राहकसेवेचं काम, कंपनी पुण्याची. पगार ठीक, पण लॅपटॉप आपला आपण आणायचा आणि अट लेखी आलीय: विंडोज ११, रॅम किमान १६ जीबी, कॅमेरा-माईक धड. सोळावाला नवा घ्यायचा तर तिचे पहिले काही पगार त्यातच जातील. म्हणून वापरलेला बघतोय, पंचवीस हजारांच्या आत. गोव्यात राहून तुम्ही असा घेतला असेल तर कुठून, काय बघून, आणि आता कसा चालतोय ते लिहा. ऐकीव नको, स्वतःच्या हातातल्या मशीनबद्दल लिहा.

पाना-पक्कड, म्हापसा

दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे माझं लांबेल.

या बजेटात सगळ्यात चांगला माल म्हणजे कंपन्यांतून निघालेला. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर शेकड्याने लॅपटॉप घेतात, मुदत संपली की तो लॉट बाजारात येतो. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही मंडळी त्यातली. घरगुती मॉडेलपेक्षा यांचे बिजागर दणकट, कीबोर्ड चांगला, खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं आणि पार्ट मिळतात.

विंडोज ११ हवं तर इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीखाली जाऊ नका. आय५ च्या पुढे ८ ने सुरू होणारा आकडा बघा, म्हणजे ८२५०यू, ८३५०यू वगैरे. सहावी-सातवी पिढी स्वस्तात गळ्यात मारतात आणि वर "अकरा टाकून देतो" म्हणतात. टाकता येतं, जुगाड करून. पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत ते मशीन नाही, उद्या एखादा मोठा अपडेट अडला तर दाद कुणाकडे मागणार? आणि दहावर राहायचं म्हटलं तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

आता रॅम. किती आहे हे विचारण्याआधी ती कशी बसवलीय ते विचारा. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५, लॅटिट्यूड ७४९०, तिघांनाही दोन-दोन स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या जागा. आज आठ असली तरी उद्या सोळा किंवा बत्तीस होते. टी४८०एस आणि टी४९० मध्ये थोडी रॅम बोर्डावरच डकवलेली, वर एकच स्लॉट. एक्स१ कार्बन म्हणाल तर सगळीच बोर्डावर सोल्डर, आठची आली तर मरेपर्यंत आठ. दिसायला देखणा तोच, त्यामुळे गिऱ्हाईक नेमका तोच उचलतं.

दुकानदाराच्या तोंडावर विसंबायची गरज नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. एकूण किती आणि दोनपैकी किती स्लॉट भरलेत, दोन्ही तिथे लिहिलेलं असतं.

खास गोव्याचं म्हणून एक: टॉर्च घेऊन जा. यूएसबीच्या आणि एचडीएमआयच्या भोकात उजेड मारा. आतल्या पत्र्याला तांबूस कडा आणि पिनांवर हिरवट पूड दिसली तर ते मशीन खाऱ्या वाऱ्यात वाढलेलं. कांदोळी-हणजुण्याकडून दुकानात येतात त्यांतल्या कित्येकांचे खालचे स्क्रू गंजून डोकं गेलेलं असतं आणि पंख्याच्या पात्यांत बारीक वाळू. आज फर्स्टक्लास चालतात. पहिल्या पावसात काय होईल, सांगता येत नाही. असा माल मी दुकानात ठेवत नाही, फुकट दिला तरी.

काजूबोंडू, काणकोण

भाषांतराचं काम करते. आठमध्ये आरामात भागतं. सोळाचं नुसतं फॅड आहे.

धागाकर्ती, साखळी

अट कंपनीची आहे हो ताई, माझी नाही.

टेकडीवरून, पर्वरी

काजूबोंडू, तुमचं भागत असेल, पण सरसकट फॅड म्हणू नका. आठमधली थोडी ग्राफिक्सच घेतं, वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपात ते रॅममधूनच कापून जातं. मग विंडोज, अँटिव्हायरस, वीसेक टॅबांचा क्रोम, त्यावर टीम्सचा व्हिडिओ कॉल. रॅम भरली की विंडोज उरलेलं एसएसडीवर, म्हणजे फाईली साठवतो त्या डिस्कवर, उतरवून ठेवतं आणि लागेल तसं परत वर चढवतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून कॉलमध्ये आपलं तोंड उघडं राहतं आणि आवाज मागून येतो. शिव्या मात्र नेटला बसतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये. विंडोजच्या आत लिनक्स चालवतो, आणि ते आपण आवरलं नाही तर मशीनची निम्मी रॅम घेऊ शकतं. आठची निम्मी चार. उरलेल्या चारमध्ये विंडोजने काय करावं? टी४८० घेतला तेव्हा आठचीच एक पट्टी होती, दुसरी आठची त्याच वेगाची आणून शेजारी बसवली. जोडीने बसवली की ग्राफिक्सही जरा पळतं, हा वरचा फायदा.

किती लागेल हे ओळखायला रोजचं सगळं उघडून, एक कॉल चालू ठेवून त्याच मेमरीच्या पानावर "कमिटेड" हा आकडा बघा. तो असलेल्या रॅमच्या वर जात असेल तर वाद संपला.

वळपईची वही

मी दोन फर्मचे हिशेब बघते. टॅली, एक्सेल आणि दिवसभर ऑफिसच्या सर्व्हरला रिमोट डेस्कटॉप. सगळं काम तिकडच्या मशीनवर होतं, इकडे नुसतं चित्र दिसतं. त्यामुळे रॅम कमी पडल्याचं मला कधी जाणवलं नाही. मला तारलं ते बॅटरीने.

आमच्या सत्तरीत पावसाळ्यात लाईनवर फांदी पडली की वीज कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. राउटरला छोटा यूपीएस आहे, तो टिकतो. लॅपटॉप पंधरा मिनिटांत मान टाकणारा असेल तर त्या यूपीएसचा काय उपयोग! म्हणून घेताना बॅटरीचा रिपोर्ट काढायलाच लावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश लावून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. "डिझाइन कपॅसिटी" म्हणजे नवी असतानाची, "फुल चार्ज कपॅसिटी" म्हणजे आज उरलेली. माझ्या एलिटबुकात पन्नास हजार मिलिवॅट-अवरच्या जागी तीसेक हजार निघाली. दुकानदाराने "बॅकअप चांगला आहे" म्हणून छातीठोक सांगितलेलं, रिपोर्ट दाखवल्यावर दोन हजार सोडले. त्यात थोडे घालून नवी बॅटरी टाकली.

आणि मे महिन्यात, तसंच दसरा-दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळी गडगडायला लागलं की चार्जर काढा आणि राउटरमधून लॅपटॉपला येणारी वायरही काढा. लोक पहिलं करतात, दुसरं विसरतात.

पाना-पक्कड, म्हापसा

वहीताईंना अनुमोदन. विजेने गेलेल्या बोर्डांत लॅन पोर्टातून, म्हणजे राउटरची वायर लावतो त्या भोकातून, झटका आलेले बरेच असतात. टी४८० ला आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असतात, बाहेरची चालू मशीनमध्ये बदलता येते. गावात राहणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं.

शेवटची कदंबा, मडगाव

जाहिरात बघून एकाकडे गेलो होतो. लॅटिट्यूड, सोळा जीबी, भाव बाजारापेक्षा चांगलाच कमी, मशीन चकचकीत. मी म्हटलं, माझ्यासमोर पूर्ण रीसेट करा आणि माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा. तो म्हणाला, नेट नंतर जोडा, आधी पुढं जाऊ द्या. मी हटून बसलो. नेट मिळताच पडद्यावर एका कंपनीचं नाव आणि "तुमच्या ऑफिसच्या ईमेलने साइन इन करा". म्हणजे मशीन अजून त्या कंपनीच्या खात्यावर नोंदलेलं. विंडोज कितीही वेळा नव्याने टाका, नेट दिसलं की ते परत तिथेच येणार. कंपनीने स्वतः नोंद काढल्याशिवाय सुटका नाही. पैसे अजून खिशातच होते, तसाच उठलो.

तेव्हा रीसेट आणि नेट, दोन्ही तुमच्या डोळ्यांदेखत. सुरू होताना बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरून बघा, पासवर्ड मागितला तर नमस्कार करून निघा. थिंकपॅडचा तो पासवर्ड आतला सेल काढूनही जात नाही. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. मालकी सिद्ध करायची वेळ आली तर नुसतं "एक लॅपटॉप" लिहिलेलं बिल कामाचं नाही.

गच्चीवरची खोली, आसगाव

आमच्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत. हंगाम सरला, मे संपत आला की घरून काम करणारे पाहुणे आवराआवर करतात आणि जाताना स्कूटर, गादी, मॉनिटर, कधी लॅपटॉपही विकून जातात. माझा मॅकबुक एअर एम१ असाच आला, सोळा जीबीचा. चाळीस हजारांच्या वर पडला, म्हणजे धागाकर्तीच्या बजेटात नाही. पण पंखाच नसल्याने आवाज नाही आणि दिवसभर चार्जर शोधावा लागत नाही.

मॅक घेणाऱ्यांसाठी: विकणाऱ्याने तुमच्यासमोर अॅपल खात्यातून साइन आउट करून "फाइंड माय" बंद करायला हवं. ते न करता तो विमानात बसला तर मशीन कुलूपबंद. रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावर, नंतर काही वाढत नाही.

काजूबोंडू, काणकोण

माझाही एम१ च आहे, आठचा. हे आधीच लिहायला हवं होतं का?

टेकडीवरून, पर्वरी

हो ताई, हवं होतं! त्याचं मेमरीचं गणित निराळं. तरी व्हिडिओ एडिटिंग करून बघा, तोही एसएसडीवर उतरायला लागतो.

चष्मा विसरलेला मास्तर, फोंडा

शिकवण्या ऑनलाइन घेतो. सातव्या पिढीचा जुना थिंकपॅड, लिनक्स मिंट, आठ जीबी, मराठी टायपिंगसकट सगळं चालतं. कंपनीने विंडोज ११ मागितलंय तिथे याचा उपयोग नाही, पण स्वतःचं काम असणाऱ्यांनी भंगारात टाकण्याआधी विचार करावा.

धागाकर्ती, साखळी

मास्तर, बाबांसाठी घेईन म्हणते तसा. आता एक प्रश्न सगळ्यांना: आठवाला स्वस्तात घेऊन वर आठ टाकायची, की सोळावालाच घ्यायचा? आणि गोव्यातच की बाहेरून?

पाना-पक्कड, म्हापसा

दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर आठवाला घ्या म्हटलं असतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला. या लॅपटॉपांत बसते ती जुनी डीडीआर४ पट्टीसुद्धा महागली. म्हणून आत सोळा असलेलंच मशीन बघा. जुन्या लॅपटॉपमधली डीडीआर३ पट्टी घरात पडलीय म्हणून आणू नका, खाचच जुळत नाही. आणि ठरवताना पाहिलेली रॅम घरी नेताना आहे ना, परत तेच मेमरीचं पान उघडून बघा. मधल्या दोन दिवसांत सोळाची आठ झालेली मशीनं माझ्याकडे आलीत.

बंदरावरची, वास्को

मी बंगळुरूच्या एसपी रोडवरून आणला. माल भरपूर, एकाच मॉडेलचे दहा समोर मांडून निवडता येतात, भावही गोव्यापेक्षा दोन-तीन हजारांनी कमी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलाही तसंच, असं भाऊ म्हणतो. पण महिन्याभरात पडद्यावर उभी रेघ आली. वॉरंटी होती, हो, पण मशीन तिथे नेऊन द्यायचं. कुरिअर, विमा आणि मधल्या आठवड्याचं बुडालेलं काम धरलं तर तो फायदा कुठल्या कुठे गेला. रजा घेऊन जाणार असाल, तिथे कुणी नातेवाईक असेल तर जा. नाहीतर पणजी, म्हापसा, मडगावात जे मिळेल त्यात निवडा. निवड कमी आहे, मान्य. पण काही झालं तर दुकानात जाऊन उभं राहता येतं.

धागाकर्ती, साखळी

आज पणजीत बघून आलो. ८४० जी५, आय५ ८३५०यू, आठ-आठच्या दोन पट्ट्या, २५६ ची एसएसडी, बावीस हजार म्हणतोय, तीन महिन्यांची वॉरंटी. रीसेट केला, हॉटस्पॉटला जोडला, कुणाचं नाव आलं नाही. बायोस उघडं. टॉर्च मारला, पिना स्वच्छ. बहिणीने टीम्सवर मलाच कॉल लावून बघितला, चेहरा जरा भुतासारखा दिसतो पण आवाज स्पष्ट. बॅटरी निम्मी उरलीय. "ई" ची कळ दोनदा दाबावी लागते. चार्जर मूळ नाही, कुठल्यातरी भलत्याच नावाचा आहे.

वळपईची वही

निम्मी बॅटरी म्हणजे बदलायचीच. एकोणीसला मागा.

पाना-पक्कड, म्हापसा

ग्राहकसेवेत दिवसभर टायपिंग, "ई" ची कळ सोडू नका. त्याच्याकडून कीबोर्ड बदलूनच घ्या, दुसऱ्या मशीनचा काढून लावतील, त्यांना जड नाही. चार्जर ४५ वॉटचा असेल तर ६५ चा मागा, त्या मॉडेलला टाइप-सी नेही चार्ज होतं, त्यामुळे मिळायला अडचण नाही. कॅमेऱ्याचं मनावर घेऊ नका, त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपांत तो तसाच. खिडकी समोर येईल असं टेबल लावा. साखळीहून म्हापशाला येणं झालं तर मशीन आणा, उघडून पंखा साफ करून देतो.